ट्रॅक्टरच्या द्रवदाब-यंत्रणेंतील तेलगळती

ट्रॅक्टर हें यंत्र आतां आपल्याकडील खेड्यापाड्यांत नवलाचें राहिलेलें नाहीं. ज्या घरीं दोन पिढ्यांपूर्वीं बैलांची जोडी दावणीला असे, त्या घरच्या अंगणांत आज ट्रॅक्टर उभा असतो, आणि आमच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांना तो चालवितांही येतो. परंतु यंत्र चालविणें ही एक गोष्ट व त्याचें अंतरंग जाणणें ही निराळी गोष्ट. याच ट्रॅक्टरखालीं एखाद्या सकाळीं तेलाचा डाग दिसला, म्हणजे बहुतेक घरांत दोनच उपाय ठरलेले असतात. एक तर वरून तेल ओतून काम रेटावयाचें, नाहीं तर मिस्त्रीला बोलावून ‘सील बदला’ म्हणून सांगावयाचें. पहिल्या उपायानें पैसा जातो आणि दुसऱ्यानेंही पुष्कळदां पैसाच जातो. कारण गळती कोठून होते आणि कां होते, हे दोन प्रश्न कोणीं विचारलेलेच नसतात. या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. शिवाय गळती शोधण्याच्या नादांत मनुष्य आपला हात कायमचा गमावूं शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तीही येथें सविस्तर सांगावयाची आहे.

प्रथम या यंत्रणेचें तत्त्व थोडक्यांत पाहूं. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त वाचकांनीं पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेलाच असेल. पास्कल १६६२ मध्यें वारला आणि या विषयावरील त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला. त्याच तत्त्वावर लंडन येथील जोसेफ ब्रामा या कल्पक कारागिरानें १७९५ मध्यें द्रवदाबाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. लहान दट्ट्यावर थोडासा जोर दिला कीं मोठा दट्ट्या प्रचंड भार उचलूं लागे. पण ब्रामापुढें सर्वांत मोठी अडचण कोणती उभी राहिली? गळतीचीच! दट्ट्या नळकांड्यांत सैल बसवावा तर पाणी बाजूनें निसटे. घट्ट आवळावा तर तो परत खालीं येईना. या कोंडींतून वाट निघाली ती चामड्याच्या एका कडीनें. ही कडी पन्हळीसारखी वळविलेली असून तिचें पोकळ अंग दाबाच्या दिशेला ठेविलेलें असे. दाब वाढला कीं पन्हळीच्या दोन्ही कडा फांकून भिंतीला चिकटत. दाब गेला कीं त्या सैल पडत. म्हणजे जो दाब पाणी बाहेर काढूं पाहतो, त्यालाच पहारेकऱ्याचें काम दिलें! या युक्तीचें श्रेय ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्सले यास दिलें जातें. आजच्या ट्रॅक्टरमधील रबरी सीलही याच जातीचें आहे. फक्त चामड्याच्या जागीं तेलाला टिकणारें कृत्रिम रबर आलें. आपण जिला ओ-रिंग म्हणतों ती साधी गोल कडीही दाबानें आपल्या खांचेंत एका बाजूला रेटली जाऊन फट बंद करते. डेन्मार्कांत जन्मलेले अमेरिकन यंत्रज्ञ नील्स ख्रिस्टेन्सन यांना तिचें पेटंट १९३९ मध्यें मिळालें.

हें तत्त्व शेतावर आणण्याचा मान मुख्यतः हॅरी फर्ग्युसन यांच्याकडे जातो. आयर्लंडमधील एका शेतकऱ्याच्या घरीं १८८४ मध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें नांगर ट्रॅक्टरच्या मागें नुसता ओढण्याऐवजीं तीन ठिकाणीं जोडून तो तेलाच्या दाबानें उचलण्याची योजना सिद्ध केली. १९३९ मध्यें अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून आणि १९४६ पासून इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथून या पद्धतीचे ट्रॅक्टर बाहेर पडूं लागले. आपल्या देशांत फरीदाबाद येथें १९५९ मध्यें ट्रॅक्टर तयार होऊं लागले. आज आपल्या गांवीं दिसणाऱ्या जवळ जवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागें तेच तीन सांधे व तीच तेलाची लिफ्ट आढळते. पंप तेल ओढतो, कंट्रोल व्हॉल्व्ह त्याला वाट दाखवितो, आणि नळकांड्यांतील दट्ट्या लिफ्टचे हात वर उचलतो. पलटी नांगराला किंवा ट्रॉलीच्या जॅकला हेंच तेल होज पाइपांतून बाहेर नेलेलें असतें.

येथें दाबाचा थोडा हिशेब करून पाहावा. सामान्य ट्रॅक्टरांत हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारें १५० ते २०० किलोग्रॅम इतका चढतो. आठ सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस सेंटीमीटर. म्हणजे १५० च्या दाबाला त्यावर साडेसात हजार किलोग्रॅमचा जोर पडतो. एवढा जोर केंसाएवढी फट सांपडली तरी तेथून वाट काढणारच. दर सेकंदाला एकच थेंब पडतो, त्याचें काय एवढें, असें कोणी म्हणेल. परंतु वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर आठ तासांच्या कामांत जवळ जवळ दीड लिटर तेल मातींत जातें.

आतां धोक्याविषयीं. दाबाखालीं असलेल्या पाइपला सुईच्या टोंकाएवढें छिद्र पडलें, तर त्यांतून निघणारी धार इतकी बारीक असते कीं ती पुष्कळदां डोळ्यांना दिसतही नाहीं. फार तर धुक्यासारखा फवारा भासतो. अशा वेळीं ‘कोठून येतें तें बघूं’ म्हणून पाइपावरून हात फिरविणें मनुष्याला अगदीं स्वाभाविक वाटतें. पण वर सांगितलेल्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी दाबाची धारसुद्धां कातडी भेदून आंत शिरूं शकते. बाहेर दिसते ती केवळ टांचणी टोंचल्यासारखी खूण. रक्त जवळ जवळ नाहीं, दुखणें बेताचें. मनुष्य बोट पुसतो व कामाला लागतो. इकडे आंत शिरलेलें तेल स्नायूंच्या दोऱ्यांच्या कडेकडेनें तळहातापर्यंत पसरतें, कांहीं तासांनीं हात सुजून ठणकूं लागतो, आणि आंतील मांस मरूं लागतें. उशीर झाला तर बोट, प्रसंगीं हातही, कापावा लागतो. यावर मलमपट्टीचा किंवा शेकाचा उपयोग नाहीं. शस्त्रवैद्यानें जागा उघडून आंतील तेल व मेलेला भाग काढणें हाच उपाय, आणि तो सहा तासांच्या आंत व्हावा असें वैद्यांचें सांगणें आहे. जखम क्षुल्लक दिसत असल्यामुळें दवाखान्यांत धनुर्वाताची सुई टोंचून रोग्यास घरीं पाठविलें जाण्याचा संभव असतो. म्हणून जाणारानें स्पष्ट सांगावें : ‘दाबाखालचें तेल कातडींतून आंत गेलें आहे.’ शक्य तर ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेची सोय असेल तेथेंच थेट जावें. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्या प्रत्येकानें, विशेषतः ट्रॅक्टरवर ठेविलेल्या गड्यानें, हें वाक्य पाठ करून ठेवावें असें आम्हांस वाटतें. धार शोधावयाची ती पुठ्ठ्याचा मोठा तुकडा किंवा लांकडाची फळी पाइपाजवळ धरून. पुठ्ठ्यावर डाग उमटेल तेथें छिद्र आहे असें समजावें. डोळ्यांवर चष्मा हवाच.

दुसरा धोका वजनाचा. ट्रॉलीचा हौदा जॅकवर उचलून त्याच्याखालीं वांकून गळती पाहणारे लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. ज्या पाइपाविषयीं आपल्याला संशय आहे, त्याच पाइपाच्या भरंवशावर कित्येक क्विंटल लोखंड डोक्यावर टांगून ठेवणें याला धाडस म्हणतां येणार नाहीं. पाइप फुटला तर हौदा खालीं यावयास एक पळही लागत नाहीं. हौदा रिकामा करून, त्याच्या व सांगाड्याच्या मध्यें मजबूत आधार बसविल्याशिवाय कोणीं खालीं डोकावूं नये. लिफ्टच्या हातांचें तसेंच. कोणताही सांधा खोलण्यापूर्वीं नांगर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करावें, आणि लिव्हर दोनचार वेळां पुढेंमागें करून कोंडलेला दाब जाऊं द्यावा. इंजिन बंद झालें म्हणजे दाब गेला, ही समजूत खोटी आहे.

इतकी सावधगिरी घेतल्यावर शोधास आरंभ करावा. गळलेलें तेल कोणतें, हा पहिला प्रश्न. डागाखालीं पांढरा कागद ठेवून पाहिलें असतां इंजिनचें वापरलेलें तेल काळें दिसतें. डिझेल पातळ असून कागदावर दूरवर पसरतें आणि त्याचा वास लपत नाहीं. हायड्रॉलिकचें तेल चांगल्या स्थितींत मधासारखें पिवळसर असतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरला व लिफ्टला एकच तेल असतें, त्यामुळें मागच्या बाजूस पडलेला डाग पाहून लिफ्टलाच दोष देणें बरें नव्हे. तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी मिसळलें आहे, आणि असें तेल गळो वा न गळो, तें काढून टाकलेंच पाहिजे.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. आणि आमच्या मतें सर्व शोधाचें मर्म येथेंच आहे. तेल जेथें ठिबकतें तेथें तें गळत नसतें. तें वरच्या एखाद्या सांध्यांतून निघतें, पाइपाच्या अंगानें ओघळतें, वाऱ्यानें मागें सरकतें, धुळींत मिसळून त्याचा लेप होतो, आणि शेवटीं सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोंकाशीं थेंब जमतो. दोष मात्र त्या बिचाऱ्या बोल्टावर येतो. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या पलटी नांगराचा खालचा होज पाइप एकाच हंगामांत दोनदां बदलला गेला. गळती होती ती वरच्या टोंकाच्या पोकळ बोल्टाखालील वॉशरमध्यें. म्हणून आधीं सगळा भाग डिझेलनें व चिंधीनें धुऊन, पुसून, कोरडा करावा, आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरवावी. शाळकरी मुलाच्या घरीं खडूच्या तुकड्यांस तोटा नसावा! मग इंजिन सुरू करून अर्धा तास लिफ्ट खालींवर करीत तेल तापूं द्यावें. थंड तेल दाट असतें, तें बारीक फटींत अडून बसतें. तापलें कीं पातळ होऊन वाहूं लागतें. नंतर अंतर राखून विजेरीच्या प्रकाशांत पाहावें. पांढऱ्या पुडीवर पहिला ओला ठिपका जेथें उमटेल, आणि जो सर्वांत वरचा असेल, तें गळतीचें मूळ. ही युक्ती इतकी सोपी आहे कीं ती कोणीच करीत नाहीं.

मूळ सांपडल्यावर कारण शोधावयाचें. सांध्याचा नट सैल असेल तर दाब काढून, एका पान्यानें सांधा धरून व दुसऱ्यानें नट फिरवून, बेतानें आवळावा. तेवढ्यानें गळती न थांबल्यास आणखी जोर करूं नये, सांधा खोलावा. जादा आवळण्यानें आटे जातात, पितळी सांधा चिरतो, आणि क्षुल्लक किंमतीच्या वॉशरच्या जागीं शेंकडों रुपयांचा खर्च उभा राहतो. आंत बहुधा चिरडलेला वॉशर, बैठकीवरील ओरखडा किंवा रेतीचा एखादा कण सांपडतो. तांब्याच्या वॉशरविषयीं एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वापरानें तो कठीण होतो. पण लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविला कीं पुन्हां नरम पडतो. पोलाद याच कृतीनें कठीण होतें, तांबें मऊ होतें! अडचणीच्या वेळीं या युक्तीनें जुना वॉशर कामीं येतो. एरव्हीं नवा घालणेंच चांगलें. आट्यांवर नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची चाल मात्र सोडून द्यावी. या सांध्यांत तेल अडतें तें वॉशरनें किंवा बैठकीनें, आट्यांनीं नव्हे; आणि पट्टीचे तुटलेले धागे आंत वाहत जाऊन व्हॉल्व्हमध्यें अडकतात.

होज पाइप फुगला असेल, त्याचें वरचें रबर तडकून आंतील तारा दिसत असतील, किंवा टोंकाच्या पकडीजवळ तो ओला होत असेल, तर तो बदलावा. सायकलच्या ट्यूबची पट्टी, तार किंवा बाहेरून लावलेला कोणताही लेप या दाबापुढें टिकत नाहीं. उलट फुटण्याची जागा दृष्टीआड होते, हा अधिकच धोका. पण नवा पाइप लावण्यापूर्वीं जुना कां गेला हें त्याच्या अंगावर वाचून घ्यावें. एकाच बाजूनें झिजला असेल तर तो कोठें तरी लोखंडाच्या कडेला घांसत होता. पलटी नांगर उलटतांना पाइप कसा वळतो हें पाहिल्यास ती कड सांपडते. टोंकाशीं मोडला असेल तर तो आंखूड होता. दाबाखालीं पाइपाची लांबी किंचित् कमीजास्त होते, तेवढी ढील ठेवावी लागते. पाइपावर लांबीच्या दिशेनें अक्षरांची एक ओळ छापलेली असते. बसवितांना ती ओळ सरळ राहिली तर पाइपाला पीळ पडलेला नाहीं असें समजावें. वेलीसारखी गुंडाळलेली दिसली तर सांधा सोडून पुन्हां लावावा. नवा पाइप जुन्याच्याच आंतल्या व्यासाचा आणि तितकाच दाब सोसणारा असावा. त्याचीं टोंकें यंत्रानेंच दाबून बसवावीं लागतात; पाण्याच्या पाइपाची स्क्रूची पट्टी येथें चालावयाची नाहीं.

सिलांचें प्रकरण अधिक नाजूक आहे, व मिस्त्रीच्या हातून सर्वांत अधिक घाई येथेंच होते. जुनें सील काढून लगेच फेकून देऊं नये; गळतीचें कारण तेंच सांगतें. ओ-रिंग एका बाजूनें चपटी व कडक झाली असेल तर ती उष्णतेनें किंवा वयानें गेली, तक्रारीस जागा नाहीं. तिची कड कुरतडल्यासारखी असेल तर फट प्रमाणाबाहेर मोठी आहे किंवा दाब फाजील आहे, आणि नवी ओ-रिंगही लवकरच कुरतडली जाईल. ती फुगून मऊ झाली असेल तर रबराची व तेलाची जात जमली नाहीं. खनिज तेलाला नायट्राइल रबर मानवतें. साधें नैसर्गिक रबर, म्हणजे सायकलच्या ट्यूबचें रबर, त्यांत फुगतें. ब्रेकच्या तेलासाठीं केलेलें सीलही पुष्कळदां येथें निरुपयोगी ठरतें, मग तें मापाला कितीही तंतोतंत असो. दुकानांत केवळ मापावर ओ-रिंग मागणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

जॅकच्या किंवा पलटी नांगराच्या नळकांड्यांतून बाहेर येणाऱ्या चकचकीत दांड्याभोंवतीं तेल येत असेल, तर सिलापूर्वीं दांडा पाहावा. त्यावर नख फिरविलें असतां अडकेल एवढा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असला, तर नवें सील चार दिवसांत कापलें जाणार हें निश्चित. वर वर आलेला बारीक कांटा तेलाच्या दगडानें हळूच घांसून काढतां येतो. खोल खड्डा मात्र घांसून जात नाहीं, दांड्यावर पुन्हां क्रोमचा मुलामा चढवावा लागतो किंवा दांडा बदलावा लागतो. पावसाळ्यांत नांगर उघड्यावर ठेवतांना दांडा आंत घेऊन ठेवला तर हा खर्च मुळांतच टळतो. सील बसवितांना खांच स्वच्छ करावी, सिलाला चांगलें तेल लावावें, आट्यांवरून तें सरकवावयाचें असल्यास आट्यांवर गुळगुळीत कागद गुंडाळावा. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोंकानें ढकलूं नये. आणि दिशा! कडा असलेल्या सिलाचें पोकळ अंग तेलाकडेच हवें. उलटें बसलेलें सील म्हणजे दरवाजाकडे पाठ करून बसलेला पहारेकरी.

पी. टी. ओ. शाफ्टच्या किंवा लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या ऑइल सिलांतून गळती दिसली, तर सील काढण्याआधीं आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. गिअरपेटीला हवा जाण्यायेण्यासाठीं एक लहानशी वाट असते, तिला मिस्त्री ब्रीदर म्हणतात. ती चिखलानें किंवा धुळीनें बुजली म्हणजे तेल तापल्यावर आंतील हवेला वाट राहत नाहीं, पेटींत दाब सांचतो, आणि अगदीं चांगल्या सिलांतूनही तेल बाहेर ढकललें जातें. फाजील तेल भरल्यानेंही असेंच होतें. तेलाची पातळी सपाट जागेवर, लिफ्टचे हात खालीं सोडून मोजावी. हात वर असतांना मोजली तर नळकांड्यांतील तेल हिशेबांत येत नाहीं आणि मनुष्य उगाच जास्त ओततो. एका वर्षांत तीनदां ऑइल सील बदलूनही गळणारा ट्रॅक्टर दहा मिनिटांत ब्रीदर साफ केल्यानें कोरडा झाला, असें घडूं शकतें, याचें कारण हें असें आहे.

कांहीं गळती जमिनीवर दिसतच नाहीं. पंपाच्या ओढीच्या बाजूचा सांधा सैल झाला तर तेथें तेल बाहेर येण्याऐवजीं हवा आंत शिरते. तेलाला फेंस येतो, पंप किंचाळूं लागतो, लिफ्ट झटके देत चढते. संशयित सांध्यावर दाट ग्रीस लावून पाहावें. आवाज बदलला तर चोर सांपडला. ज्या ट्रॅक्टरांत पंप इंजिनच्या गिअरवर चालतो, तेथें पंपाच्या शाफ्टचें सील गेल्यास हायड्रॉलिकचें तेल थेट इंजिनमध्यें उतरतें. बाहेर एक थेंब नाहीं, हायड्रॉलिकची पातळी उतरते आहे, आणि इंजिनची पातळी आपोआप चढते आहे! या चढलेल्या पातळीनें आनंद मानूं नये. भलतें तेल मिसळल्यानें इंजिनचें वंगण बिघडतें.

तिसरा प्रकार यंत्राच्या पोटांतील गळतीचा. नांगर उचलून इंजिन बंद केलें आणि थोड्याच वेळांत तो जमिनीला टेकला, तर तेल दट्ट्याच्या कड्यावरून किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधून परत टांकींत निसटत आहे. थोडेंसें उतरणें क्षम्य असतें. किती, तें ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. एका काठीवर खूण करून अर्ध्या तासांत हात किती उतरले हें मोजून ठेवावें, म्हणजे पुढच्या वर्षीं तुलना करतां येते. काठी लावतांना व मोजतांना मनुष्यानें बाजूस राहावें, उचललेल्या नांगराखालीं पाय घालूं नये. इंजिन चालूं असतांना हात ठराविक वेळानें किंचित् खालीं येऊन पुन्हां वर जात असतील, म्हणजे लिफ्ट मान डोलावीत असेल, तर तेंही याच रोगाचें लक्षण. याउलट लिफ्ट चढावयासच आळस करीत असेल, पण चढल्यावर टिकत असेल, तर दोष बहुधा अलीकडे असतो : तेल कमी, गाळणी तुंबलेली, पंप झिजलेला, किंवा दाब मर्यादेंत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह दुबळा झालेला. यांपैकीं तेल व गाळणी शेतकऱ्यानें स्वतः पाहावी. पंप व व्हॉल्व्ह उघडणें जाणत्या मिस्त्रीचें काम आहे, कारण तेथील फटी मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात आणि दाब मोजण्याचें घड्याळ हातीं असल्याशिवाय निदान होत नाहीं. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अंदाजानें पिळून लिफ्टला ‘ताकद’ आणणारे कारागीर भेटतात. त्यांना ट्रॅक्टरजवळ येऊं देऊं नये. त्या पिळण्यानें दाब मर्यादेबाहेर जातो, आणि मग सर्वांत दुबळा पाइप कोणता तें अनपेक्षितपणें कळतें.

दुरुस्ती संपल्यावर योग्य जातीचें तेल स्वच्छ भांड्यांतून भरावें. काढलेलें जुनें तेल ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. डब्यांत सांठवून तें परत घेणाऱ्या परवानाधारक व्यापाऱ्यास द्यावें. लिफ्ट व जॅक रिकाम्या स्थितींत आठदहा वेळां खालींवर करून आंतली हवा निघूं द्यावी, पातळी पुन्हां मोजावी, आणि मग भार लावावा. सांध्यांवर परत खडूची पूड भुरभुरवावी व रात्रीं ट्रॅक्टरखालीं जुन्या वर्तमानपत्राचा मोठा कागद पसरून ठेवावा. सकाळीं कागद कोरडा असला तर ट्रॅक्टर शेतावर न्यावा. डाग पडलेला असला तर त्याच्या बरोबर वरचा भाग पुसून शोध पहिल्यापासून सुरू करावा.